दुष्काळाची छायाचित्रे आणि सौंदर्याची कसोटी

एखादे छायाचित्र 'चांगले' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या साध्या विशेषणाच्या पोटात दोन निरनिराळे अभिप्राय दडलेले असतात. प्रकाश आणि छाया ह्यांची मांडणी डोळ्यांस सुखविणारी आहे, आकृत्यांचा तोल साधला आहे, हा एक अभिप्राय. आणि ह्या चित्रातून काही कळते, कोण्या काळाची, कोण्या माणसाची, कोण्या घटनेची साक्ष मिळते, हा दुसरा. बहुधा हे दोन्ही अभिप्राय एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे किंवा सांचीच्या तोरणाचे उत्तम छायाचित्र पाहताना कोणी त्यांची वाटणी करीत बसत नाही. परंतु चित्राचा विषय उपाशी मरणारे माणूस असेल तर? त्या चित्राची 'रचना सुरेख साधली आहे' असे म्हणावयास आपली जीभ रेटते काय? आणि रेटली, तर आपण नेमके कशाचे कौतुक करीत असतो?

हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत आता दुष्काळाची छायाचित्रे छापली जातात. ती वर्गात मुलांपुढे ठेवण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे येते. चौदा वर्षांचा मुलगा ते हाडांचे सापळे पाहून प्रथम दचकतो, मग हसतो, आणि मग पान उलटतो. त्या तीन क्षणांत शिक्षकाने काय बोलावयाचे, ह्याचे उत्तर त्या चित्रांचा इतिहास ठाऊक असल्यावाचून देता येणार नाही.

मराठी वाचकाला ह्या वादाची एक बाजू चांगली परिचित आहे. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' ह्या प्रश्नावर फडके आणि खांडेकर ह्यांच्या अनुयायांनी जी शाई खर्च केली तिचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथात तो प्रश्न अधिक खोल पातळीवर नेला. संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांनी घटकांची जी संघटना होते तीत सौंदर्य असते, अशी त्यांची भूमिका. ह्या भूमिकेचे बळ आम्ही मान्य करतो. परंतु छायाचित्रापाशी ती अडखळते असे आम्हांस वाटते. चित्रकाराच्या फलकावरील काळा रंग हा काळा रंग असतो. छायाचित्रातील काळी आकृती म्हणजे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी कॅमेऱ्यासमोर खरोखर उभे असलेले माणूस असते. तिला केवळ 'घटक' म्हणून संघटनेत बसविता येईल. पण ती तेथे होती, ही गोष्ट पुसता येणार नाही.

पश्चिम हिंदुस्थानात ही कला आली ती मुख्यतः साक्षीदार म्हणून. पॅरिस येथे १८३९ साली दागेरच्या शोधाची घोषणा झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक आणि स्वतः निपुण छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज ह्यांस विजापूर, ऐहोळे आणि धारवाडच्या बाजूची जुनी वास्तुशिल्पे टिपण्यासाठी नेमले. हाताने काढलेल्या नकलांना वेळ फार लागतो आणि त्यांत नक्कल करणाऱ्याची आवड उतरते. यंत्र पक्षपात करीत नाही, अशी त्या काळची श्रद्धा होती.

ती श्रद्धा फार दिवस टिकली नाही. विल्यम जॉन्सन ह्यांनी मुंबईतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे स्वतंत्रपणे टिपून, त्यांच्या आकृत्या कापून, अन्यत्र घेतलेल्या देखाव्यांवर चिकटविलेल्या आहेत. माणूस खरा, देखावा खरा. त्या दोहोंची भेट मात्र कधी झालेलीच नाही! पानाला शोभा यावी म्हणून केलेली ही तडजोड. यंत्र पक्षपात करीत नसेल, पण कात्री करते.

विलायतेतही ह्याच सुमारास असाच प्रकार चालू होता. हेन्री पीच रॉबिन्सन ह्यांनी १८५८ मध्ये पाच निरनिराळ्या काचा जोडून क्षयाने मरणोन्मुख झालेल्या मुलीचे चित्र सिद्ध केले. मुलगी आजारी नव्हती; ती नटली होती. तरीही मृत्यूसारखा विषय छायाचित्राने हाताळावा हे अनेकांस असह्य झाले. तोच विषय तैलरंगात असता तर कोणी ब्र काढला नसता; चित्रे आणि काव्ये मरणाऱ्या नायिकांनी भरलेलीच होती. म्हणजे छायाचित्राकडे पाहणारा प्रेक्षक, चित्र रचलेले आहे हे ठाऊक असूनही, त्यातील माणूस खरा मानतो. ह्या एका गोष्टीत पुढच्या साऱ्या वादाचे बीज आहे. रॉबिन्सन ह्यांच्या 'पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी' (१८६९) ह्या ग्रंथाने रचनेचे नियम घालून दिले. पीटर हेन्री इमर्सन ह्यांनी वीस वर्षांनी त्यांवर कडाडून हल्ला चढविला आणि मग थोड्याच काळात स्वतःचीच मते मागे घेतली. त्या लढाईचा तपशील येथे नको. तीत दोन्ही पक्षांना छायाचित्र ही कला ठरवावयाची होती. चित्रातील माणसांचे काय, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न हिंदुस्थानातील दुष्काळाने विचारला.

१८७६ ते १८७८ ह्या काळात मद्रास, म्हैसूर, निजामाचे राज्य आणि मुंबई इलाख्याचे दक्षिणेकडील जिल्हे दुष्काळाने उद्ध्वस्त झाले. सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड ह्या भागांनी त्याची झळ पुरेपूर सोसली. मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक असावी असे अंदाज आहेत. त्याच दुष्काळाच्या ऐन भरात, १ जानेवारी १८७७ रोजी, लॉर्ड लिटन ह्यांनी दिल्लीस दरबार भरविला; आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मदतकामावरील मजुराचे रोजचे धान्य एका पौंडाच्या मापावर आणून ठेवले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या पुढाकाराने सरकारकडे जिल्ह्याजिल्ह्यांचे वृत्तांत धाडले. आपल्याकडची साक्ष ही अशी शब्दांची होती. चित्रांची साक्ष मद्रासेकडून आली, आणि ती एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातून.

विलोबी वॉलेस हूपर हा मद्रासच्या घोडदळातील अधिकारी. 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या १८६८ ते १८७५ च्या दरम्यान निघालेल्या आठ खंडांच्या सरकारी संग्रहासाठी त्याने चित्रे पुरविली होती. म्हणजे माणसे 'नमुना' म्हणून समोर बसविण्याचा त्याला सराव होता. मद्रास इलाख्यातील दुष्काळपीडितांची त्याने घेतलेली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ती विसरता येत नाहीत. बरगड्या मोजता येतील अशी स्त्री-पुरुष-मुले, कोणी बसलेली, कोणी टेकलेली, उंचीप्रमाणे मागेपुढे मांडलेली. स्टुडिओत एखाद्या सुखवस्तू कुटुंबाचा 'ग्रुप' काढावा तशी ती रचना आहे. मध्यभागी वडीलधारे, बाजूंना लेकरे, चौकटीत नेमके बसविलेले! ह्या चित्रांवरून हूपरवर पुढे टीका झाली ती अशी की, मरणाच्या दारातील माणसे त्याने आपल्या कॅमेऱ्यासाठी ओळीने बसविली आणि त्यांना साहाय्य मात्र केले नाही.

येथे एका तांत्रिक गोष्टीचा विचार न करता निकाल देणे अन्यायाचे होईल. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर मसाला ओतावयाचा, तो ओला असतानाच ती कॅमेऱ्यात घालावयाची, आणि काही मिनिटांच्या आत जवळच्या काळोख्या तंबूत नेऊन धुवावयाची. प्रकाश पुरेसा मिळेपर्यंत कित्येक सेकंद समोरच्याने निश्चल राहावे लागे. धावते, पडते, हात पसरते माणूस त्या काचेवर उमटलेच नसते. उमटला असता तो एक धूसर डाग. तेव्हा माणसे बसविणे, टेकविणे, स्थिर ठेवणे ही केवळ हूपरची हौस नव्हती, त्या साधनाची अट होती. उपासमारीने गळून गेलेली माणसे ती अट इतरांहून सहज पाळू शकली असतील, ही कल्पना मनात आली की पुढे लिहवत नाही.

तथापि साधनाची अट एवढ्याने हूपरची सुटका होते असे आम्हांस वाटत नाही. निश्चल राहणे ही अट होती. कुटुंबचित्राचा घाट ही अट नव्हती. आणि त्या माणसाच्या स्वभावाविषयी दुसरा एक पुरावा उपलब्ध आहे. ब्रह्मदेश जिंकल्यावर १८८६ च्या जानेवारीत मंडाले येथे तो प्रोव्हो मार्शल असताना, बंदुकीच्या फैरीने देहान्त भोगणाऱ्या ब्रह्मी कैद्यांची चित्रे गोळी सुटण्याच्या नेमक्या क्षणी मिळावीत म्हणून त्याने हुकूम लांबविला, असा आरोप आला. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये बातमी आली, पार्लमेंटात प्रश्न निघाले आणि चौकशी होऊन त्याला ठपका मिळाला. चित्रासाठी माणसाचे मरण अडवून धरणारा हा कदाचित पहिला छायाचित्रकार नसेल. पण ज्याची सरकारी चौकशी झाली असा तो होय.

आणि तरीही (येथेच खरी अडचण आहे) हूपरची ती चित्रे नसती तर १८७७ चा दुष्काळ आज आपल्याला केवळ आकड्यांत उरला असता. त्याच्या रचनेने त्या माणसांना नमुना बनविले. परंतु त्या चेहऱ्यांनी ती रचना आतून फोडली. त्या 'ग्रुप'मधील एखादी बाई सरळ भिंगाकडे पाहते, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर तिची नजर चौकटीच्या नियमांना भीक घालीत नाही. छायाचित्रकाराचा हेतू हा चित्राचा अंतिम अर्थ नव्हे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस ह्या चित्रांनी दिले आहे.

आता त्याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. आणि ते आमच्या इंदुराशी निगडित आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो, वाचकांनी हा अभिमान क्षम्य मानावा. लाला दीनदयाळ ह्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळ सरधना येथे झाला. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डॅली ह्यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढील एजंट सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडापासून ग्वाल्हेरपर्यंतची स्मारके टिपली. ती चित्रे १८८६ मध्ये ग्रिफिन ह्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. नंतर ते हैदराबादेस गेले. सहावे निजाम महबूब अली खान ह्यांनी त्यांस 'राजा बहादूर मुसव्विर जंग' ही पदवी दिली, आणि १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले.

ह्या माणसाच्या हातात सौंदर्य होते ह्याविषयी दुमत संभवत नाही. इंजिनियरचा डोळा आणि जवाहिऱ्यांच्या घराण्याचा वारसा ह्यांचा संगम त्यांच्या चित्रांत दिसतो. उभी रेषा उभीच, आडवी आडवीच. सावलीतही तपशील शाबूत. अशा माणसाकडे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. माळवा-राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात तोच हा काळ. निजामाच्या राज्यातील औरंगाबादच्या बाजूला सरकारने जी मदतकामे चालविली त्यांची चित्रे दीनदयाळांनी दरबारासाठी घेतली. दरबाराने केलेल्या सत्कृत्यांची नोंद, हा त्यांचा उघड हेतू.

तोवर कोरड्या काचा आलेल्या होत्या. ओल्या मसाल्याची घाई आणि कित्येक सेकंदांचा ताठरपणा मागे पडला होता. तेव्हा ह्या चित्रांत जी मांडणी दिसते ती साधनाने लादलेली नव्हे, निवडलेली आहे. त्यांत प्रथम नजरेत भरते ती व्यवस्था. चित्र निर्मळ, प्रमाणबद्ध, शांत. दुष्काळ दिसतो, पण आटोक्यात आलेला दुष्काळ दिसतो. आमच्या मराठवाड्यातील कुणब्याने, मांगाने, महाराने त्या वर्षी काय भोगले ते ह्या चित्रांच्या कडेबाहेर राहते. म्हणून आमचे मत असे की, येथे सौंदर्य हे अर्थावर चढविलेले पांघरूण नाही; सौंदर्य हाच येथील अर्थ आहे. 'सरकारचे लक्ष आहे, सारे सुरळीत आहे' हे वाक्य ती सुरेख समांतर मांडणीच बोलते. अशा चित्राला रचनेचे निराळे गुण आणि आशयाचे निराळे गुण देणारा परीक्षक फसतो, कारण ज्याला तो रचना समजून शाबासकी देतो तोच दरबाराचा निरोप असतो.

हूपरच्या चित्रात रचना क्रूर आहे आणि साक्ष खरी; दीनदयाळांच्या चित्रात रचना सुसंस्कृत आहे आणि साक्ष अर्धी. आम्हांस दीनदयाळ माणूस म्हणून कितीतरी अधिक आदरणीय वाटतात. तरी वर्गात १९०० चा दुष्काळ शिकविताना त्यांचे चित्र एकटे दाखवू नये, असेच आम्ही म्हणू.

१९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात तिसराच प्रकार घडला. युद्धकाळ, बातम्यांवर निर्बंध, 'दुष्काळ' हा शब्दसुद्धा सरकारला नकोसा. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स ह्यांनी २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात शहराच्या पदपथांवर पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. कोणत्याही प्रदर्शनात त्यांना उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नसते. ना प्रकाशाची किमया, ना रचनेचा तोल. वर्तमानपत्री शाईत उमटलेली ओबडधोबड चित्रे. पण शब्दांना जे करता आले नव्हते ते त्यांनी केले. दिल्लीत आणि लंडनमध्ये हा विषय झाकून ठेवणे अशक्य झाले. मेलेल्यांचा आकडा १९४५ च्या चौकशी मंडळाने पंधरा लाखांच्या आसपास धरला. नंतरचे अभ्यासक तो तीस लाखांपर्यंत नेतात.

त्याच दुष्काळात सुनील जाना हे तरुण छायाचित्रकार, पूरणचंद जोशी आणि चित्रकार चित्तप्रसाद ह्यांच्याबरोबर, बंगालमध्ये फिरले आणि त्यांची चित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात छापली गेली. जानांची दृष्टी जन्मजात कलावंताची. मरणाऱ्या माणसाला हात देण्याऐवजी त्याचे चित्र घेत उभे राहणे किती यातनामय होते, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. त्यांच्या चित्रांत सौंदर्य आहे, पण ते पाहणाऱ्याला निववीत नाही. ते त्याला तेथून हलू देत नाही. अर्थपक्षाचे कैवारी सौंदर्याकडे सरसकट संशयाने पाहतात, त्यांच्याशी आमचा मतभेद येथे आहे. 'स्टेट्समन'च्या चित्रांनी आपले काम काही आठवड्यांत केले, आणि आज ती अभ्यासकांखेरीज फारशी कोणी पाहत नाही. जानांची चित्रे अजून पाहिली जातात.

मात्र पाहिली जाणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. अमेरिकेत १९३६ च्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ह्यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे चित्र घेतले. जगात त्याच्याइतके ओळखीचे दारिद्र्याचे चित्र दुसरे क्वचितच असेल. चित्राच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. रचनेला बाधक म्हणून तो पुढे निगेटिव्हवरून पुसट करविला गेला. ते चित्र प्रसिद्ध झाल्यावर तळावर अन्न धाडले गेले, तेव्हा ते कुटुंब पुढे निघून गेले होते. त्या बाईंचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळले. अंगठा लक्षात आला लगेच. नावाला बेचाळीस वर्षे लागली!

हे सारे दूरचे झाले. आमच्या शाळांतून आणि मंडळांतून दरवर्षी छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, आणि परीक्षक म्हणून आम्हांस कागद हाती दिला जातो. त्यावर रकाने असतात ते रचना, प्रकाशयोजना, तांत्रिक सफाई आणि विषय असे. 'विषया'ला बहुधा सर्वांत कमी गुण. ह्या पद्धतीत एका प्रकारच्या चित्राला हमखास बक्षीस मिळते, आणि ते म्हणजे सुरकुतलेला चेहरा. कडेने आलेला प्रकाश, मागे काळोख, आणि खाली 'जीवनसंध्या' किंवा 'प्रतीक्षा' असे काव्यमय नाव. गरिबाचा चेहरा सुरकुत्यांच्या पोतासाठी वापरावयाचा, आणि सुरकुत्या कशाने पडल्या ते विचारावयाचे नाही, ही हूपरच्याच पंथाची सौम्य शाखा होय, असे आम्ही सहपरीक्षकांस बोलून दाखविले तेव्हा ते रागावले. त्यांचे म्हणणे असे की मुलांना आधी डोळा येऊ द्या, विवेक मागाहून येईल. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण डोळ्याला एकदा लागलेली सवय मागाहून सुटताना आम्ही फारशी पाहिलेली नाही.

म्हणून आमच्या शाळेपुरता आम्ही कागद बदलला. चित्राबरोबर मुलाने लिहून द्यावयाचे ते असे, की चित्रात कोण आहे, ठिकाण कोणते, दिवस कोणता, आणि चित्र घेण्यापूर्वी त्या माणसाला विचारले होते काय. हे नसेल तर रचनेचे गुण मोजावयाचेच नाहीत. पहिल्या वर्षी चित्रांची संख्या निम्म्यावर आली. नववीतील एका मुलीने छावणीच्या धान्यमंडीत सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या एका म्हातारीचे चित्र आणले होते. उन्हाच्या तिरिपीत उडणारी धूळ, वाकलेली पाठ, हातातील केरसुणी, सारे काही विलक्षण साधलेले. खाली नाव 'जीवनसंध्या'. आम्ही ते परत केले. मुलगी हिरमुसली, पण पुढच्या शनिवारी पुन्हा मंडीत गेली. आता चित्राखाली चार ओळी आहेत. त्या बाईंचे नाव, त्यांचे देवासकडील गाव, दिवसाकाठी किती दाणे जमतात त्याचा पायलीतला हिशेब, आणि त्यांनी मुलीला उलट विचारलेला प्रश्न, की फोटो लावणार आहात तिथे मला येता येईल का? त्या आल्या होत्या. आपल्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि केरसुणी जुनी दिसते एवढेच म्हणाल्या.